शिल्लक का जुळत नाही? : खर्च लिहिण्याच्या सवयीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दर पाडव्याला ठरवते की यंदा रोजचा खर्च लिहायचाच. आठ-दहा दिवस लिहिते. मग एका रात्री पाकिटातले पैसे आणि वहीतली शिल्लक जुळत नाही आणि वही कपाटात जाते. शिवाय निम्मे पैसे फोनवरूनच जातात. ते कसे लिहायचे?

उत्तर : ही सवय आळसाने सुटते त्यापेक्षा जास्त वेळा त्या रात्रीच्या जुळवाजुळवीने सुटते. म्हणून पहिल्याच दिवशी वहीत ‘लागत नाही’ नावाचं एक खातं उघडा. समजा, सकाळी पाकिटात 640 रुपये होते. दूध 62, भाजी 85, रिक्षा 46 मिळून 193 गेले. उरायला हवेत 447, मोजले तर 420. ते 27 रुपये ‘लागत नाही’त टाका, शिल्लक 420 लिहा आणि झोपा. हा आकडा रोजच शंभराच्या पुढे जायला लागला, तर मात्र एखादा नेहमीचा खर्च निसटतोय. बहुधा तो चहा-वडापाव, पार्किंग किंवा मुलांच्या हातावर ठेवलेले सुटे पैसे यांतला असतो.

वहीचं डावं पान रोख रकमेला, उजवं बँकेला ठेवा. फोनवर व्यवहारांची यादी असतेच, मग लिहायचं कशाला, असं वाटतं. पण त्या यादीत बरेचदा दुकानमालकाचं नाव दिसतं, काय घेतलं ते दिसत नाही. किराणावाल्याला दिलेल्या 430मध्ये 110चा शाम्पू होता, हे त्याच रात्री आठवतं, रविवारी नाही.

गोंधळ होतो तो दुहेरी नोंदीचा. एटीएममधून काढलेले 2000 हा खर्च नव्हे. ते उजव्या पानावर वजा आणि डाव्या पानावर जमा. क्रेडिट कार्डाची खरेदी ज्या दिवशी केली त्या दिवशी खर्चात लिहा. महिन्याचं बिल भरताना बँकेची शिल्लक कमी करा, खर्च पुन्हा धरू नका. उसने दिलेले पैसेही खर्चात नकोत. पाकिटातून वजा करून त्यांची नोंद शेवटच्या पानावर, नाव आणि तारखेसह ठेवा.

खाती सात-आठच असू द्या. फार बारीक पाडली की कोथिंबीर भाजीत की मसाल्यात, यावर रोज खल होतो. ‘इतर’ हे खातं नकोच, दोन महिन्यांत तेच सगळ्यांत मोठं होऊन बसतं.

वर्षातून एकदा येणारे खर्च वेगळ्या पानावर लिहून 12ने भागा. विम्याचा हप्ता 18,000 असेल तर दर महिन्याला 1,500 धरा. नाहीतर फी आणि वह्या-पुस्तकांमुळे जून महिना दरवर्षी उधळ्या दिसतो. गॅसची टाकी लावली की तारीख टाका. 14.2 किलोची टाकी आपल्याकडे किती दिवस जाते हे तीन टाक्यांत कळतं, आणि एखादी आठवडाभर आधी संपली तर विचारायला जागा राहते.

वेळ एकच ठेवा. रात्री ओटा पुसून झाला की पाच मिनिटं. पेन वहीला दोऱ्याने बांधा. हसू येईल, पण पेन शोधायला उठलेलं माणूस परत बसत नाही.

प्रश्न : 21 दिवस केलं की सवय लागते म्हणतात. मी महिनाभर लिहिलं, मग लग्नाला गावी गेलो आणि सुटलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का?

उत्तर : 21चा आकडा अमेरिकेतल्या मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या लेखनातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना ‘किमान’ 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला ‘किमान’ गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

तेव्हा पहिल्यापासून नको, आणि गेलेले दिवस आठवून भरणं तर मुळीच नको. आज पाकीट मोजा, बँकेची शिल्लक पाहा, फरक ‘लग्न, गाव’ म्हणून एका ओळीत लिहा आणि पुढची ओळ उद्याची. पुढच्या वेळी गावी जाताना वही नेऊ नका, पाकिटात घडी केलेला एक कागद पुरतो.

प्रश्न : मी लिहिते, पण यजमान त्यांचा खर्च सांगत नाहीत. विचारलं की चिडतात.

उत्तर : विचारू नका. दोघांचा हातखर्च ठरवा, रक्कम सारखी ठेवा. महिन्याच्या पहिल्या तारखेला ‘हातखर्च, दोघांना’ अशी एकच ओळ लिहायची आणि त्या पैशांचं पुढे काय झालं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. तुम्हालाही नाही.