टू-स्टेप (पासवर्डनंतर कोडही मागणारी दुहेरी तपासणी) चालू केल्यापासून थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम जीमेलचा पासवर्ड घेत नाही, ब्राउझरमध्ये मात्र तोच चालतो. काय करावं?

तुमचा पासवर्ड बरोबर आहे. हे आधी सांगतो, कारण मला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

ऑफिसात टू-स्टेप सक्तीचं झालं त्याच दिवशी माझा मेल बंद पडला. सिस्टमवाल्याचा एकच धोशा, "सर, पासवर्ड नीट टाका." दोन दिवस नीटच टाकत होतो, कॅप्स लॉक बघून, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. मग त्याने नवा पासवर्ड दिला, तर तासाभरात खातंच लॉक! पुन्हा उघडलं, पुन्हा लॉक. तिसऱ्या दिवशी मला ड्रॉवरमधला जुना फोन आठवला. चार्जिंगला लावलेला तो पठ्ठ्या दर पंधरा मिनिटांनी जुनाच पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावत होता. शोधलं मी, आणि तक्रार बंद करताना त्याने लिहिलं काय, तर 'युजर एरर'.

युजरची कसली डोंबलाची चूक? मेल प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने नुसतं नाव आणि पासवर्ड पाठवतो, त्यात कोड विचारायची सोयच नाही. सर्व्हर नाही म्हणतो आणि तुम्हाला दिसतं, पासवर्ड चुकीचा.

थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशन मेथड 'नॉर्मल पासवर्ड' असेल, ती ओऑथ२ करा, म्हणजे पासवर्ड प्रोग्रॅमला न देता थेट गूगलकडे लॉगिन होतं. साठवलेला जुना पासवर्ड पुसून टाका. गूगलची खिडकी उघडेल, कोड तिथे द्यायचा. आउटगोइंग सर्व्हरलाही हेच वेगळं करावं लागतं. ते राहिलं की मेल येतात, पण जात नाहीत. खिडकीत पुढे सरकतच नसेल तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद आहेत का बघा.

कुणीतरी 16 अक्षरी अॅप पासवर्ड, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमपुरता गूगलने बनवून दिलेला वेगळा पासवर्ड, घ्या म्हणेल. ओऑथ येतच नाही अशा जुन्या प्रोग्रॅमला किंवा स्कॅनरला ठीक आहे, पण त्याला कोड लागत नाही, म्हणजे पुढच्या दाराला दोन कुलुपं आणि मागचं दार एकाच किल्लीवर. शिवाय गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की हे सगळे रद्द होतात, मग पुन्हा तीच बोंब.

हो, हे सगळं जीमेलचं झालं. ऑफिसचं खातं मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइन या मेल सेवेवर असेल तर मेल वाचायला अॅप पासवर्डचा उपयोग नाही, नुसत्या पासवर्डवर मेल देणं त्यांनी ऑक्टोबर 2022 पासून बंद करत आणलं. आउटलुक 2010 हा मेल प्रोग्रॅम वापरत असाल तर तो बदलाच, त्याला ओऑथ येत नाही.

आमच्या सिस्टमवाल्याने शेवटी "तुमच्यापुरतं टू-स्टेप काढून टाकतो" असंही सुचवलं होतं. मी नाही म्हणालो. तुम्हालाही कुणी सुचवलं तर आधी विचारा, जुना फोन तपासला का.