मोठे कॅलिपर लावले अन् पेडल खाली जायला लागलं

प्रश्न : माझ्या जुन्या टू-सीटर स्पोर्ट्स कारला पुढे चार पिस्टनचे मोठे कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसवले, तेव्हापासून ब्रेकचं पेडल पार खाली जातं, पंप केलं की टाइट होतं. ब्लीड करूनही (ब्रेक लाइनमधली हवा काढूनही) फरक नाही. मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदला. बदलू का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : थांबा ना भाऊ, खिशात हात घालायच्या आधी चाक काढून कॅलिपरचं ब्लीड निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) कुठं आहे ते बघा. ते सगळ्यात वर पाहिजे. डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल झालं की निपल येतं खाली अन् हवा वर अडकून बसते, मग दिवसभर ब्लीड करा, ऑइल येत राहील पण हवा काही हलणार नाही. पंप केल्यावर टाइट होणं हे बहुतेक वेळा हवेचंच लक्षण, नाहीतर मागे ड्रम ब्रेक असतील तर त्यातले शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ढिले असतील, तेही अ‍ॅडजस्ट करून घ्या.

हे सगळं ठीक असूनही पेडल लांबच जात असेल तर मेकॅनिकचं खरं, मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलिंडरही मोठा हवा. पण 19 मिमीच्या जागी 22 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर लावला की तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला साधारण एक तृतीयांश जोर जास्त द्यावा लागेल, हे कोणी सांगत नाही.

अन् ब्रेक ऑइल नवीन डॉट 4 ग्रेडचंच टाका, डॉट 5 सिलिकॉनचं असतं, मिसळू नका. जुनं ऑइल पाणी शोषतं अन् लवकर उकळतं, त्यात आपला मे महिना! तोवर गाडी वर्धा रोडवर काढू नका.