गोल्फमध्ये माझा पिचिंग वेज ४४ डिग्री आणि सँड वेज ५६, मध्ये कुठला वेज (जवळच्या, उंच शॉटसाठीचा क्लब) घ्यावा?

५० डिग्रीचा गॅप वेज घ्या, कारण तुमच्या दोन वेजमध्ये तब्बल १२ डिग्रीचा फरक आहे आणि फुल स्विंगला एका डिग्रीमागे साधारण अडीच यार्ड धरले तर मध्ये ३० यार्डांचं भगदाड पडतं. पूर्वी पिचिंग वेज ४८ च्या आसपास असायचा, आता लांब जावं म्हणून कंपन्या तो ४३-४५ वर आणतात, त्यामुळे नुसतं नाव बघून घेऊ नका, कंपनीच्या वेबसाइटवर स्पेक्सच्या टेबलमध्ये लोफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा डिग्रीतला कल, दिलेला असतो तो बघा. दोन वेजमध्ये ४ ते ६ डिग्री अंतर असलं की बहुतेकांचं काम होतं. फक्त आधी प्रॅक्टिस रेंजवर दोन्ही वेजचा कॅरी मोजा, म्हणजे बॉल हवेत किती जातो ते, रोल धरायचा नाही, कारण स्विंग हळू असेल तर हाच गॅप २० यार्डांचाच निघू शकतो. तरीही ५० घ्याच, मधल्या अंतराला दरवेळी हाफ स्विंग मारत बसणं फार अवघड जातं. ६० डिग्रीचा वेज मात्र आत्ता नको, बॅगेतल्या १४ क्लबच्या लिमिटमध्ये ती जागा हायब्रिडला (लांब मारायचा क्लब) जास्त उपयोगी पडेल.