गाणे पहिल्यांदा कुठे ऐकू आले?

प्रश्न : ‘बुगडी माझी सांडली गं’ ही साताऱ्याकडची पारंपरिक लावणी आहे, असे घरातील ज्येष्ठ सांगतात. ते खरे आहे काय? (वाचक, सातारा)

उत्तर : ही पारंपरिक नव्हे, चित्रपटातील लावणी आहे. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटासाठी ती ग. दि. माडगूळकरांनी लिहिली, वसंत पवारांनी तिला चाल दिली आणि आशा भोसले यांनी ती गायिली. माडगूळकरांचा जन्म शेटफळ्याचा आणि आशाताईंचा सांगलीचा, तेव्हा गाण्यात नाव साताऱ्याचे असले तरी त्यावर सांगली जिल्ह्याचाही हक्क पोहोचतो. ज्येष्ठांचा समज होण्याचे कारण त्या चालीत आहे, कारण ती फडावरच्या ढोलकीशी इतकी एकजीव झाली आहे की पडद्याची आठवण मागे पडते. जुनी लावणी ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांसारखे शाहीर बहुधा अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफत असत. ते आहे का, हे आधी पाहावे.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहातील तबकड्यांवर नाट्यपदे इतकी आटोपशीर का आहेत? काही तबकड्यांच्या शेवटी कलाकार स्वतःचे नाव का सांगतात? (वाचक, मिरज)

उत्तर : मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. ‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आले. त्यातील पदे सांगलीत जन्मलेल्या कृ. प्र. खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. नाटकात ‘वन्समोअर’ मिळत गेला की पद वाटेल तितके रंगे, ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र आलाप आखडता घ्यावा लागे. तरीही ही मर्यादा मी निव्वळ उणीव मानत नाही. आपल्या मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘चंद्रिका ही जणू’ची तबकडी अवश्य ऐकावी, तेवढ्या अवधीतही त्यांच्या स्वराला कुठेही घाई नाही.

नाव सांगण्याची प्रथा ही गरजेपोटी आली. गौहर जान यांचे गायन १९०२ मध्ये कलकत्त्यात मुद्रित झाले, त्या काळात मूळ मुद्रणे तबकड्या काढण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. तेथील कारागिरांना आपल्या भाषा कळत नसल्याने गाणे कोणाचे हे त्यांना ओळखता यावे, म्हणून कलाकार शेवटी आपले नाव उच्चारीत. आपल्या तबकड्यांवरील लेबले फाटली असतील तर त्या टाकून देऊ नयेत. तबकडी उजेडात तिरपी धरल्यास शेवटची खाच आणि लेबल यांमधील गुळगुळीत पट्ट्यावर बहुधा एक क्रमांक दिसतो. तो उतरवून घ्यावा, कारण ध्वनिमुद्रणाचा माग त्यावरून काढता येतो.

प्रश्न : ‘गीतरामायणा’त छप्पन्नच गीते का? (वाचक, आटपाडी)

उत्तर : वर्षभर, दर आठवड्याला एक गीत, अशी पुणे आकाशवाणीची योजना होती. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, पहिले गीत प्रसारित झाले. त्या वर्षी अधिक मास आल्याने पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ पर्यंत लांबली आणि बावन्नाची छप्पन्न गीते झाली. दर आठवड्याला नवे गीत लिहायचे, सुधीर फडके यांनी त्याला चाल लावायची आणि ते गायक-वादकांकडून बसवून ठरल्या वेळी श्रोत्यांपुढे ठेवायचे, हा नेम वर्षभर पाळला गेला. या गीतांच्या गुणवत्तेइतकेच त्या शिस्तीचेही मला अपार मोल वाटते. गीतांचा संग्रह पुस्तकरूपाने १९५७ च्या विजयादशमीस निघाला. म्हणजे घरोघरी ही गीते आधी कानांनी पोहोचली आणि ग्रंथ मागाहून आला.

प्रश्न : ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत म्हणूनच लिहिले गेले काय? (वाचक, वाई)

उत्तर : नाही. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि आपल्या पसरणीच्या शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेले हे गीत अनेक दशके लोकांच्या ओठी होते. राज्यगीताचा मान त्याला १९ फेब्रुवारी २०२३ पासून मिळाला आणि त्यासाठी मूळ गीतातील दोन कडवी घेण्यात आली.

प्रश्न : ‘झिंगाट’ आमच्या वरातीतले वाटते, मग ‘सैराट’च्या संगीतासाठी परदेशी वाद्यवृंद कशाला? (वाचक, कराड)

उत्तर : अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे मुद्रित केलेला वाद्यमेळ ‘याड लागलं’सारख्या गीतांत ऐकावा, म्हणजे त्याचे प्रयोजन ध्यानात येईल. त्या प्रेमकथेला विस्तीर्ण अवकाश हवा होता, तो त्या तंतुवाद्यांनी दिला. ‘झिंगाट’चा जोर मात्र ठेक्यात आहे. चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, परंतु गाणी त्यापूर्वीच मोबाइलवर पोहोचलेली होती आणि पुढे २०१८ च्या हिंदी ‘धडक’मध्येही ‘झिंगाट’ची चाल कायम राहिली.