डॉल्बीला घाबरणारा लॅब्रॅडोर कुत्रा : "सवय लागेल" म्हणून मिरवणुकीत नेऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा लॅब चार वर्षांचा आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत घर आहे, गेल्या वर्षी गणपती आगमनाच्या मिरवणुकीला बाथरूममध्ये जाऊन बसला तो पहाटेपर्यंत बाहेर आला नाही, आणि आता सासरे म्हणतायत की यंदा त्याला पट्टा लावून मिरवणुकीतनंच फिरवून आणू म्हणजे भीती मोडेल. बाकी काय करायचं ते सांगतोच पण आधी एवढं, ते तेवढं करू नका.

घाबरलेल्या कुत्र्याला त्याच आवाजात नेऊन उभं केलं की सवय लागत नाही, धास्ती वाढते आणि वर ती पसरते. आधी नुसता डॉल्बी असतो, मग ढोल-ताशा, मग बुलेटचं फायरिंग, मग कधीतरी कुकरची शिट्टीपण चालत नाही. आमच्या गल्लीत एक डॉबरमन होता, मालक लई हौशी, दरवर्षी मंडळाच्या ट्रॅक्टरमागं त्याला घेऊन चालायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा बघा कसा शांत आहे. शांत कसला, शेपूट पोटाखाली, डोळ्यातलं पांढरं दिसतंय, धाप लागलेली, आणि कुणी बिस्कीट पुढं केलं तर त्याच्याकडं बघतपण नव्हता. शांत आहे की भीतीनं गार पडलाय हे ओळखायचं तर खायला द्या. लॅबसारखं खादाड कुत्रं जर उकडलेली कलेजी तोंडापुढं धरून खात नसेल तर तो आवाज त्याच्या सोसण्याच्या पलीकडं गेलाय असं समजायचं. फरशीवर पण बघा, कुत्र्याला घाम पंजांच्या गाद्यांना येतो, घाबरला की शहाबादीवर ओले ठसे उमटतात.

आणि दुसरं जे सगळेच सांगतात की घाबरला असताना जवळ घेऊ नका, लाड केले की भीती वाढते, ते पण सोडून द्या. बसायची सवय बिस्किटानं वाढते, भीती कुरवाळून वाढत नाही. जवळ आला तर घ्या, मांडीवर डोकं ठेवलं तर ठेवू द्या. फक्त तो लपलाय तिथनं ओढून काढून लाड करू नका.

बाथरूमचं म्हणाल तर त्यानं जागा बरोबर निवडलीय. लोक नेहमी सांगतात की आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, ते खरं आहे, पण ते रॉकेटच्या शिट्टीला लागू. डॉल्बीचा त्रास वेगळा, तो बेस असतो, भिंतीतनं आणि फरशीतनं येतो, कानात कापूस घालून काही होत नाही. बाथरूम बहुतेक घराच्या आतल्या बाजूला असतं, खिडकी लहान, म्हणून तिथं जातात. तर ती जागा त्याचीच करा. आत्तापासून फरशी कोरडी ठेवून जाड गोधडी दोन पदरी टाका, पाण्याचं भांडं ठेवा, मधनं मधनं त्याचं जेवण तिथं द्या, दार अडकवून उघडं ठेवा. त्या दिवशी बाहेरच्या खोल्यांच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि जवळ कूलर किंवा टेबल फॅन फुल्ल स्पीडवर. टीव्हीपेक्षा फॅनची एकसुरी घरघर बरी पडते.

आता सराव. गणपतीला दोन महिने आहेत म्हणजे वेळ आहे. मोबाईलवर मिरवणुकीचा व्हिडिओ लावा, पण आवाज इतका कमी की तुम्हालाच कान द्यावा लागेल. त्याचा एक कान वळला, त्यानं तुमच्याकडं बघितलं, की कलेजीचा तुकडा. आवाज बंद, खाणं बंद. क्रम महत्त्वाचा, आधी आवाज मग खाऊ. उलटं केलंत, म्हणजे आधी कलेजी दाखवून मग आवाज लावला, तर त्याला कलेजीचाच संशय यायला लागतो, कुत्री असल्या बाबतीत लई हुशार असतात. एका वेळी दोन-चार मिनिटं सराव पुरे, कलेजी कांदा-मीठ न घालता उकडायची, आणि तो आरामात खेळतोय असं दिसलं तरच पुढच्या वेळी आवाज एक काडी वाढवा. जांभया, ओठ चाटणं, उठून जाणं सुरू झालं की जास्त झालंय, मागं या. हे काम सासऱ्यांना द्या, हातानं खाऊ घालायचं म्हटल्यावर ते आपोआप त्याच्या बाजूचे होतील.

एक मात्र खरं, मोबाईलमधनं बेस येत नाही. म्हणून या सरावावर सगळी भिस्त ठेवू नका, जमत असेल तर मोठ्या स्पीकरवर पण करा, तेपण हळूच. ढगांना घाबरणाऱ्या कुत्र्यांचं तर आणखी अवघड, वळिवात नुसता गडगडाट नसतो, वीज, वारा, अंधारून येणं सगळं असतं, ते रेकॉर्डिंगमध्ये कुठलं आणायचं. तिथं मी एकच करतो, खराखुरा गडगडाट झाला की प्रत्येक वेळी तुकडा टाकायचा, खातोय तोपर्यंत. फटाक्यालाही हेच चालतं, तो घाबरायच्या आधीपासनं सुरू केलं तर.

शक्य असेल तर आगमनाच्या आणि विसर्जनाच्या दिवशी त्याला बाहेरगावी पाठवा, पन्हाळ्याकडं किंवा गगनबावड्याच्या बाजूला कुणाचं शेतातलं घर असेल तर सगळ्यात भारी. आधी एकदा दिवसभर तिथं राहून आणा, नाहीतर नवीन जागेचीच धास्ती घेईल. विसर्जन आपल्याकडं दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं हे धरूनच बेत करा. रात्री १० ते सकाळी ६ आवाजबंदीचा नियम आहे आणि रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे म्हणे, महाद्वार रोडवर उभं राहून कुणाला ते सांगून बघा.

डॉक्टरांकडं आत्ताच जा, आदल्या दिवशी नको. एक तर हाडं-सांधे तपासून घ्या, विशेषतः ही भीती वर्ष-दीड वर्षातलीच असेल तर. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाचा २०१८ चा एक अभ्यास आहे, कुत्री मोजकीच होती, पण ज्यांना सांध्याचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं त्यांना आवाजाची भीती उशिरा, वाढत्या वयात सुरू झालेली दिसली. दचकल्यावर अंग आखडतं आणि दुखतं, मग आवाजाची आणि दुखण्याची सांगड बसते असा त्यांचा अंदाज. लॅबमध्ये खुब्याचा त्रास काही नवीन नाही.

दुसरं औषधाचं. बाथरूममध्ये रात्रभर थरथरणाऱ्या कुत्र्याला गोळी देण्यात काही कमीपणा नाही. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन असलं काय द्यायचं आणि किती ते डॉक्टरच वजन बघून ठरवतील, घरातली माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका, प्लीज. ॲसिप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध नुसतंच लिहून दिलं तर विचारा, त्यानं कुत्रं लोळतं, हलत नाही, पण आतली भीती तशीच राहते. आणि गोळी आवाज सुरू व्हायच्या आधी पोटात गेली पाहिजे, पहिली ट्रायल एखाद्या शांत रविवारी घ्या म्हणजे किती वेळानं लागू होते, पोट बिघडतं का ते कळेल.

त्या दिवशी फिरवणं दुपारीच उरकून घ्या, मिरवणूक सुरू झाल्यावर शी-शूला पण गच्चीवर किंवा अंगणात, तेही पट्टा लावूनच. कॉलरमधनं मान काढून पळतात, म्हणून अंगाचा हार्नेस आणि कॉलर दोन्ही घाला, कॉलरवर तुमचा मोबाईल नंबर, आणि आरतीला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी गेट उघडं ठेवू नये म्हणून आतनं कडी.