वारली शिकणाऱ्या मुलीचं पुढे काय?

प्रश्न : आम्ही कळव्याला राहतो. मुलगी नववीत आहे, वारली चित्रांच्या क्लासला जाते. सोसायटीच्या प्रदर्शनात तिचे ट्रे आणि कुर्त्या खपल्या, तेव्हापासून ‘मी वारली आर्टिस्टच होणार’ म्हणते. तिचे बाबा म्हणतात, दहावी आली, क्लास बंद. काय करावं?

उत्तर : ताई, क्लास चालू ठेवा. ते दोन तास वाचवून काही टक्के वाढत नाहीत, मोबाइलच्या खात्यात जमा होतात. यंदाच चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा देऊ दे. दहावीला सवलतीचे गुण मिळतात. बाबांना एवढं पुरे.

लेकीशी मात्र वेगळं बोलावं लागेल. वारली चित्रं हे आधीच कुणाचं तरी पोट आहे, आणि ती वारली आदिवासी माणसं लांबची नाहीत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर डहाणू-तलासरी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथे लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघाट ही लग्नाची देवी असते. गंजाडचे जिव्या सोमा मशे ही चित्रं कागदा-कापडावर घेऊन जगभर गेले; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाकी बाजारात कुर्तीवर तारपानाच (तारपा वाद्याभोवतीचा गोल नाच) छापणाऱ्यांची आधीच रीघ आहे. त्या रांगेत तिने उभं राहावं असं मला वाटत नाही.

पण ती शिकली ते वाया जात नाही. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, ना चेहरा ना छटा. तरी माणूस भात लावतोय की नाचतोय हे नुसत्या कमरेच्या बाकावरून कळतं. इतक्या कमी रेषांत हालचाल पकडणं डिझाइनच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या पुष्कळ मुलांना जमत नाही. आता ट्रे बाजूला ठेवून एक स्केचबुक घेऊ दे. सकाळी लोकलला लोंबकळणारी माणसं, खाडीवरचे मासेवाले, स्वयंपाकघरातल्या तुम्ही. वारलीत नव्हे, तिच्या स्वतःच्या रेषेत.

बारावी कुठल्याही शाखेतून चालते. बीएफए म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय, डिझाइनसाठी यूसीड (आयआयटीसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा. निफ्ट ही फॅशन-डिझाइनची सरकारी संस्था तर खारघरलाच आहे. तिथलं टेक्स्टाइल डिझाइन मला तिच्यासाठी सर्वांत जवळचं वाटतं. खासगी डिझाइन कॉलेजांची चकचकीत माहितीपत्रकं येतीलच, त्यांतला फीचा आकडा आधी वाचा.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन डहाणूकडे जा. एखाद्या चित्रकाराकडे बसून काम बघू दे, प्रश्न विचारू दे. निघताना एक चित्र विकत घ्या, आणि सांगतील ती किंमत द्या.