ओजेटीचं पत्र हातात आल्याशिवाय कामाला जाऊ नकोस

तुझा प्रश्न वाचला आणि मे २०२४ जसाच्या तसा डोळ्यांसमोर आला. एम.ए. इंग्रजीचं दुसरं सत्र, गावातल्या साप्ताहिकाने ओजेटीला (ऑन जॉब ट्रेनिंग, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेरच्या संस्थेत करायचं काम) घेतो म्हटलंय, सर म्हणालेत "सोमवारपासून जायला लाग, पत्र नंतर काढू", आणि तुझी शंका एवढीच की लॉगबुक मराठीत लिहिलं तर चालेल का. लॉगबुकाचं शेवटी सांगते. आधी त्या "पत्र नंतर काढू"बद्दल बोलू दे. त्यापायी माझे ८० तास वाया गेले. (वयाने लहान असशील म्हणून तू म्हणतेय, राग मानू नकोस.)

एक सांगून ठेवते. मी कुठल्या विद्यापीठात नोकरीला नाही. प्रत्येक विद्यापीठाचं परिपत्रक वेगळं असतं, स्वायत्त कॉलेजांचे नियम आणखी वेगळे, आणि आमची २०२३-२४ची तुकडी नव्या अभ्यासक्रमाची पहिलीच होती. तेव्हा तुमच्या विभागातून खात्री करूनच घे. ४ क्रेडिट, क्रेडिटला ३० तास, एकूण १२० तास, हे तुला माहीत असणारच.

मी ओजेटी केली ती तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात. कॉलेजात ओजेटीच्या पत्रासाठी अर्ज दिला २६ एप्रिलला. सरांनी पत्रावर सही केली, पण तारखेची जागा रिकामी होती आणि जावक क्रमांकही (बाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंदक्रमांक) पडायचा होता. ७ मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान. कॉलेजातले बरेचसे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले, आधी प्रशिक्षण, मग ड्यूटी, त्यानंतर काहींच्या सुट्ट्या. जावक रजिस्टर ज्यांच्याकडे होतं ते जागेवर सापडेनात. सर म्हणाले, "सही झाली आहे ना, मग तू सुरू कर." मी सही केलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला आणि २ मेपासून रोज सकाळी ८ ते १२ वाचनालयात जाऊ लागले.

पत्राला जावक क्रमांक आणि तारीख पडली ती २७ मेला. तोवर सोमवारची साप्ताहिक सुट्टी, मतदानाचा दिवस आणि बुद्धपौर्णिमा सोडून माझे २० दिवस भरले होते, म्हणजे ८० तास. पुढचे ४० तास ७ जूनला संपले. लॉगबुक, हजेरीपत्रक, प्रमाणपत्र, अहवाल, सगळं वेळेत दिलं. जुलैत कळलं की माझा निकाल राखून ठेवलाय. खिडकीपाशी उत्तर मिळालं, "पत्राच्या तारखेआधीचे तास धरता येत नाहीत." मी फोटो दाखवला. त्यावर तारीखच नव्हती.

निवडणुकीचं काम कुणी हौसेने करत नाही, त्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. राग आहे तो पुढच्या प्रकाराचा. एका विभागाने सांगितलं एचओडींची (विभागप्रमुखांची) शिफारस आणा. ती नेली तर म्हणाले हे आमच्याकडे नाही, पलीकडे विचारा. पलीकडचे म्हणाले समितीपुढे ठेवू. समिती कधी बसणार ते कुणालाच ठाऊक नाही. पाच खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला एसटीचे दीड-दोन तास. आणि एकाही माणसाने नकार लेखी दिला नाही. लेखी असतं तर निदान वर दाद तरी मागता आली असती.

पण माझी खरी चूक तारखेविना पत्रावर काम सुरू केलं ही नव्हती. त्याहून मोठी चूक २६ एप्रिललाच झाली होती. मी अर्जाची पोच घेतली नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्याच दिवशी, त्याच टेबलावर अर्ज दिला. तिचे वडील ग्रामपंचायतीत शिपाई. त्यांनी तिला बजावलं होतं की कागद दोन प्रतींत ने आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घे. तिचंही पत्र २७ मेलाच निघालं. पण तिच्याकडे २६ एप्रिलचा गोल शिक्का होता, आवक क्रमांकासकट. समितीने उशीर कार्यालयाचा धरला आणि तिचे सगळे तास मान्य केले. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्याच दिवशी, त्याच टेबलावर मीही अर्ज दिला होता, पण ते सिद्ध कसं करणार?

मग तिसऱ्या सत्राचे तास सांभाळून जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी ४ ते ८ पुन्हा २० दिवस गेले. वाचनालयातल्या मॅडम शेवटची एसटी चुकू नये म्हणून मला दहा मिनिटं आधी सोडायच्या आणि सकाळी ती दहा मिनिटं भरून काढायला लावायच्या, म्हणजे हजेरीत खोटं नको. निकाल हातात आला तोवर महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला गुणपत्रिका जोडायची कॉलेजने दिलेली मुदत उलटून गेली होती. ती शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी आईने भिशी आधी उचलली. हे सगळं एका शिक्क्यावाचून घडलं, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

तेव्हा सोमवारी साप्ताहिकात जाऊ नकोस. सोमवारी कॉलेजात जा. अर्जाच्या दोन प्रती कर. साप्ताहिकाचं संमतीपत्र त्यांच्या लेटरहेडवर, तारखेसह, जोड. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घे. "कशाला हवा शिक्का, आम्ही आहोत ना" असं कुणीतरी नक्की म्हणेल. तिथे नम्रपणे उभी राहा, हलू नकोस. अगदीच दिला नाही तर तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टने पाठव आणि पावती जपून ठेव. पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख पडली की त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काम सुरू कर. आठवडा गेला तर जाऊ दे. साप्ताहिकवाल्यांना खरं कारण सांग. थांबतील.

आता बाकीचं.

लॉगबुक मराठीत चालतं का, हे तुमच्या मार्गदर्शकांना विचार. आमच्याकडे इंग्रजीतच मागितलं होतं. भाषेपेक्षा महत्त्वाचं आहे काय लिहितेस ते. पहिल्या आठवड्यात मी "८ ते १२ ग्रंथालयाचे काम केले" असंच लिहायची. मॅडमनी ते पान पाहिलं आणि म्हणाल्या, "हे वाचून तुझ्या बाहेरच्या परीक्षकांना काय कळणार?" नंतर मी असं लिहू लागले: आज ३१ पुस्तकांना दाखलअंक (नोंदवहीतले क्रमांक) दिले, ९ पुस्तकांना कसर लागलेली, ती वेगळी काढून उन्हात ठेवली, दोन पुस्तकं वर्गीकरणासाठी अडली. साप्ताहिकात तू बातमी भाषांतरित केलीस तर कुठला शब्द अडला आणि शेवटी काय घेतलास ते लिही. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) त्याच ओळींवर प्रश्न येतात.

माझं काम एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्यांनी दिलेल्या इंग्रजी पुस्तकांचं होतं. दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे द्यायच्या ग्रंथालयांच्या पद्धतीत, इंग्रजी कादंबरीला ८२३, अमेरिकन कादंबरीला ८१३, मराठी कादंबरीला ८९१.४६३. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांच्या कादंबऱ्या ८२३ मध्ये, म्हणजे ब्रिटिशांच्या शेजारी. मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद मात्र मूळ भाषेमागे, ८९१.४६३ मध्येच. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी टेबलाशी बराच वेळ नुसती बसून राहिले. वर्गात आपण भारतीय इंग्रजी साहित्य म्हणजे काय यावर नोट्स लिहितो, आणि इथे ते प्रत्यक्ष कुठल्या फळीवर ठेवायचं हे ठरवायचं होतं. अहवालाचा अर्धा भाग मी यावरच लिहिला आणि परीक्षकांनी वीस मिनिटं फक्त त्याबद्दल विचारलं. शिवाय प्रत्येक पुस्तकात मराठीत दोन ओळींची ओळख लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती. एक निवृत्त एसटी कंडक्टर काका अशी एक चिठ्ठी वाचून आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पुस्तक घरी घेऊन गेले. तीन आठवड्यांनी परत आणलं तेव्हा पुस्तकात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले होते, पान ४० पर्यंत. पुस्तकात लिहिलं म्हणून मॅडमनी दंड घेतला नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे (पटलं नाही तर सोडून दे) की साहित्याच्या विद्यार्थ्याने पैसे भरून मिळणाऱ्या ऑनलाईन प्रमाणपत्रांच्या नादी लागू नये. कोचिंग क्लासमध्ये नुसते पेपर तपासून तास भरणंही मला पटत नाही. तुझं साप्ताहिक चांगली निवड आहे. बातमी लिहिणं, मुद्रितशोधन, भाषांतर, जे देतील ते कर. प्रवासखर्च देतील का हे आधीच विचार, संकोच करू नकोस.

प्रमाणपत्रावर "एक महिना काम केले" असं लिहून घेऊ नकोस. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि एकूण १२० तास, असं स्पष्ट हवं, आणि सुरुवातीची तारीख पत्राच्या नंतरचीच हवी. दुसरं म्हणजे एबीसी आयडी, आपली क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक. आधारवरचं नाव आणि कॉलेजातलं नाव जुळतंय का आत्ताच बघ. आमच्या वर्गात दोघींची आडनावं लग्नानंतर बदललेली होती आणि त्यांची क्रेडिट खात्यावर दिसायला फार वेळ लागला.

सरांवर रागावू नकोस. माझे सर आजही मला फोन करतात, त्या प्रकाराबद्दल त्यांना वाईट वाटतं. पण पत्राची तारीख त्यांच्या चांगुलपणाने मागे सरकत नाही.

माझ्या अर्जाचा मजकूर जुन्या फोनमध्ये आहे. शोधून आज रात्री इथे टाकते. त्यात फक्त संस्थेचं नाव आणि तारखा बदल, आणि शेवटी "सोबत: संमतीपत्र, प्रत २" ही ओळ राहू दे.